माणसे घडवणारा शास्त्रज्ञ : डॉ. होमी भाभा

अणुशक्तीपासून वीज मिळते, रोग बरे करायला मदत होते. पण तिचे इंधन चुकीच्या हाती पडले, तर मोठा अनर्थ होऊ शकतो. ते सांभाळायला नुसत्या भिंती आणि कुलुपे पुरत नाहीत. त्यासाठी जाणती माणसे आणि चालू स्थितीतील यंत्रे लागतात. भारतात अशी माणसे आणि अशी यंत्रे तयार करण्याचा पाया ज्यांनी घातला, त्या डॉ. होमी भाभा यांच्या जीवनाचा परिचय या पाठात करून दिला आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही ठाणे, कळवा किंवा मुंब्रा येथे राहत असाल, तर खाडी तुमच्या रोजच्या पाहण्यातली असेल. ठाण्याजवळून ही खाडी दक्षिणेकडे जाते आणि मुंबईच्या बंदराला मिळते. तिच्या पश्चिम काठावर, डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये, ट्रॉम्बे नावाचे ठिकाण आहे. तेथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून रोज सकाळी लोकलने निघणाऱ्या गर्दीत या केंद्रात काम करणारे काही जण असतीलही. ज्यांच्या नावाने हे केंद्र ओळखले जाते, ते होमी भाभा कोण होते?

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील जहांगीर हे बॅरिस्टर होते. आईचे नाव मेहेरबाई. घरात पुस्तकांची आणि संगीताच्या तबकड्यांची रेलचेल होती. लहानपणापासून होमींना चित्रे काढण्याचा, गाणे ऐकण्याचा आणि वाचण्याचा छंद लागला. शाळेचे शिक्षण मुंबईतच झाले. नंतर एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थांत ते शिकले.

१९२७ मध्ये ते इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेले. मुलाने इंजिनियर व्हावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी घरच्यांची इच्छा होती. होमींचे मन मात्र गणित आणि भौतिकशास्त्र यांकडे ओढ घेत होते. आधी इंजिनियरिंगमध्ये पहिला वर्ग मिळव, मग तुझ्या आवडीचे शिक, अशी अट वडिलांनी घातली. होमींनी ती अट १९३० मध्ये पुरी केली आणि मगच ते आपल्या आवडत्या विषयाकडे वळले. ही इंजिनियरिंगची विद्या पुढे वाया गेली नाही. सिद्धांत जाणणारा आणि यंत्रही ओळखणारा माणूस त्यांच्यात तयार झाला.

अवकाशातून पृथ्वीवर अतिशय सूक्ष्म कणांचा वर्षाव सतत होत असतो. त्याला विश्वकिरण म्हणतात. या किरणांविषयी भाभांनी हाइटलर या शास्त्रज्ञाबरोबर १९३७ मध्ये महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले. त्यामुळे त्यांचे नाव युरोपभर झाले. १९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले आणि त्याच सुमारास दुसरे महायुद्ध सुरू झाले. परत जाणे अवघड झाले. मग ते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करू लागले. तेथे सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. १९४१ मध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, भाभा लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

युद्ध संपल्यावर परदेशी जाऊन मोठ्या पगाराची, मानाची जागा मिळवणे त्यांना सहज शक्य होते. पण येथेच राहून काम उभे करायचे, असे त्यांनी ठरवले. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी टाटा घराण्याच्या एका विश्वस्त निधीला पत्र लिहिले आणि मूलभूत संशोधनाची संस्था काढण्यासाठी मदत मागितली. या पत्रातील एक विचार लक्षात ठेवण्यासारखा आहे. काही वर्षांनी अणूपासून वीज निर्माण होऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञ शोधण्यासाठी परदेशाच्या दारात जावे लागू नये; ते आपल्याच घरात तयार असावेत, असे त्यांनी सुचवले होते.

मित्रांनो, तारखेकडे नीट पाहा. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तो ऑगस्ट १९४५ मध्ये. म्हणजे जगातील बहुतेक लोकांनी अणुशक्तीचे नावही ऐकले नव्हते, तेव्हा भाभा तिच्यासाठी लागणाऱ्या माणसांचा विचार करत होते. यंत्र पैसे देऊन आणता येते. ते जाणणारा माणूस घडवायला मात्र वर्षे लागतात, हे त्यांनी ओळखले होते.

१९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगलोर येथे सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती मुंबईत आली. पेडर रोडवरील नातेवाइकांच्या एका बंगल्यात तिचे काम चालत असे. १० ऑगस्ट १९४८ रोजी भारत सरकारने अणुऊर्जा आयोग नेमला. भाभा त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये ट्रॉम्बे येथे अणुशक्ती केंद्राची उभारणी सुरू झाली.

त्या काळी देशात साधा रेडिओही परदेशी सुट्या भागांवर अवलंबून असे. अणूची किरणे मोजणारी नाजूक यंत्रे कोण करणार? बाहेरून मागवणे सोपे होते. पण बाहेरून आणलेले यंत्र बिघडले, की ते दुरुस्त करायलाही बाहेरच्याच माणसाची वाट पाहावी लागते. भिवंडीत यंत्रमाग चालवणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. माग कितीही चांगला असो, त्याची नस ओळखणारा मिस्त्री जवळ नसेल, तर एका लहानशा भागासाठी सारे काम अडून बसते. म्हणून भाभांनी ए. एस. राव यांच्यासारख्या तरुण इंजिनियरांना हाताशी धरले आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रे आपल्याच प्रयोगशाळेत बनवायला लावली. याच कामातून पुढे १९६७ मध्ये हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन हा मोठा सरकारी कारखाना उभा राहिला.

भारतातील पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे सुरू झाली. तिचे इंधन इंग्लंडहून आले होते. पण तिचे नियंत्रण करणारी यंत्रणा भारतीय इंजिनियरांनी बनवली होती. पाण्याच्या खोल हौदात ती भट्टी बसवलेली होती आणि चालू असताना पाण्यात सुंदर निळा प्रकाश दिसे. पंतप्रधान पंडित नेहरूंनी तिला अप्सरा असे नाव दिले. पुढे १९६० मध्ये कॅनडाच्या मदतीने सायरस ही मोठी अणुभट्टी सुरू झाली. ती थंड ठेवण्याच्या व्यवस्थेत खाडीचे खारे पाणी वापरले जात असे.

भट्ट्या उभ्या राहत होत्या. त्या चालवणारे हात कोठून आणायचे? १९५७ मध्ये भाभांनी ट्रॉम्बे येथे प्रशिक्षण शाळा सुरू केली. देशभरातून हुशार पदवीधर निवडायचे, त्यांना वर्षभर शिकवायचे आणि लगेच कामावर घ्यायचे, अशी ही योजना होती. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला यंत्रांची ओळख व्हावी आणि इंजिनियरला विज्ञान समजावे, असा तिचा हेतू होता. आणखी एक गोष्ट भाभांनी केली. सरकारी कचेरीत वरची जागा रिकामी झाल्याशिवाय बढती मिळत नसे. भाभांनी शास्त्रज्ञांसाठी वेगळी रीत पाडली. ज्याचे काम चांगले, त्याला जागेची वाट न पाहता बढती मिळावी, असा नियम केला. माणूस शिकवला, पण त्याचा मान राखला नाही, तर तो निघून जातो आणि त्याच्याबरोबर त्याची विद्याही जाते, हे ते जाणून होते.

आता आपण या कामातील सर्वांत जोखमीच्या भागाकडे वळू. १९५९ मध्ये ट्रॉम्बे येथे शुद्ध युरेनियम धातू तयार झाला. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढणारा कारखानाही तेथे उभा राहिला. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. प्लुटोनियमपासून वीज निर्माण करता येते आणि बॉम्बही करता येतो. १८ मे १९७४ रोजी भारताने पोखरण येथे अणुस्फोटाची चाचणी केली, तेव्हा सायरसमध्ये तयार झालेले प्लुटोनियमच वापरले गेले. असा पदार्थ मूठभर जरी हरवला, तरी ती साऱ्या देशाची काळजी होते. मग तो सांभाळायचा कसा?

हिसाब, पहरा आणि ख़बरदारी हे शब्द तुम्ही उर्दूत नेहमी वापरता. मराठीत तेच शब्द हिशेब, पहारा आणि खबरदारी असे होतात. अणुपदार्थांची सुरक्षा या तीन शब्दांवर उभी आहे.

पहिला हिशेब. भिवंडीच्या एखाद्या मोठ्या गोदामाचा विचार करा. किती गाठी आल्या, किती गेल्या, किती उरल्या, हे वहीत रोज लिहावे लागते. अणुइंधनाचेही तसेच असते. मात्र हा हिशेब फार बारीक असतो. प्रत्येक नगाचे वजन करतात, त्याला क्रमांक देतात, डबा मोहोरबंद करतात. तो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला, तरी नोंद होते. हिशेब जुळला नाही, तर तो का जुळला नाही याचा शोध लावावाच लागतो.

दुसरा पहारा. कुंपण, दारे, ओळखपत्र आणि रात्रंदिवस जागे असलेले रक्षक. १९६९ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल आज आपल्या अणुकेंद्रांवर पहारा देते.

तिसरी खबरदारी. अणूची किरणे डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला कळत नाहीत, अंगाला लागली तरी त्या क्षणी समजत नाहीत. ती फक्त यंत्राला कळतात. म्हणून अशा ठिकाणी काम करणारा माणूस छातीवर एक लहान बिल्ला लावतो. त्याच्या अंगावर किती किरणे पडली, हे तो बिल्ला तपासल्यावर कळते. ट्रॉम्बे येथे सुरुवातीपासून या कामासाठी वेगळा विभाग होता.

येथे एक गोष्ट समजून घ्या. दुकानदाराच्या तराजूवर सरकारी शिक्का असतो. ठरावीक मुदतीने तराजू पुन्हा तपासून घ्यावा लागतो. नाहीतर वजन खोटे पडते. किरणे मोजणाऱ्या यंत्राचेही असेच आहे. ते वेळोवेळी तपासावे लागते, त्याचे सुटे भाग बदलावे लागतात. बंद पडलेले यंत्र काटा शून्यावर दाखवते आणि अनाडी माणसाला वाटते, की धोका मुळीच नाही. म्हणून यंत्र नसण्यापेक्षाही बिघडलेले यंत्र अधिक घातक ठरू शकते. ते बिघडले आहे, हे ओळखायला पुन्हा जाणता माणूसच लागतो.

भाभांचे लक्ष केवळ आपल्या देशापुरते नव्हते. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे संयुक्त राष्ट्रांनी अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासाठी पहिली मोठी परिषद भरवली. तिचे अध्यक्ष भाभा होते. १९५७ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था स्थापन झाली. अणुइंधनावर जगाची नजर असावी, असे अनेक राष्ट्रे म्हणत होती. नियम असावेत, पण ते बलाढ्य राष्ट्रांना एक आणि नव्याने स्वतंत्र झालेल्या राष्ट्रांना दुसरे असे नसावेत, ही भाभांची भूमिका होती.

वीज निर्माण करणारे पहिले अणुकेंद्र कोठे उभारायचे, याचा विचार सुरू झाला, तेव्हा तारापूरची निवड झाली. समुद्रकाठचे हे गाव त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला आणि तारापूर त्यात गेले. अमेरिकेशी १९६३ मध्ये करार झाला. तेथील इंधनावर आंतरराष्ट्रीय संस्थेची देखरेख ठेवण्याचेही ठरले. केंद्राचे बांधकाम सुरू झाले. पण ते पूर्ण झालेले पाहणे भाभांच्या नशिबी नव्हते.

२४ जानेवारी १९६६ रोजी ते आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या एका बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले होते. एअर इंडियाचे कांचनजंगा हे विमान जिनिव्हाला उतरण्यापूर्वी आल्प्स पर्वताच्या माँ ब्लाँ शिखराजवळ कोसळले. विमानातील सर्व ११७ माणसे मृत्यू पावली. भाभा अवघे छप्पन्न वर्षांचे होते.

सारा देश हळहळला. त्यांच्यावाचून हे काम पुढे कसे चालणार, अशी शंका अनेकांना वाटली असेल. पण काम थांबले नाही. विक्रम साराभाई आयोगाचे अध्यक्ष झाले. ट्रॉम्बेची धुरा होमी सेठना यांनी उचलली. प्रशिक्षण शाळेतून तयार झालेली मुले आपापल्या जागी होती. जानेवारी १९६७ मध्ये ट्रॉम्बेच्या केंद्राला भाभांचे नाव देण्यात आले. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूरची वीज नियमितपणे मिळू लागली.

खरी परीक्षा पुढेच होती. पोखरणच्या चाचणीनंतर अमेरिकेची मदत हळूहळू आटली. इंधनाची अडचण झाली, सुटे भाग मिळेनासे झाले. तेव्हा भारतीय इंजिनियरांनी भाग येथेच बनवले, दुरुस्त्या केल्या आणि केंद्र चालू ठेवले. २०१९ मध्ये त्याला पन्नास वर्षे झाली. सायरस जुनी झाली, तेव्हा १९९७ मध्ये तिची मोठी दुरुस्ती हाती घेतली गेली. ती पुन्हा चालली आणि २०१० अखेर कायमची बंद झाली. अप्सरा २००९ मध्ये थांबली. तिच्या जागी २०१८ मध्ये नवी अप्सरा आली. तिच्या इंधनात युरेनियमचे तीव्र रूप कमी प्रमाणात असते, त्यामुळे त्याचा गैरवापर करणे फार अवघड असते.

जेथे माणूस आणि यंत्र यांची काळजी कोणी घेत नाही, तेथे काय होते? ब्राझील देशातील गोइयानिया शहरात एका बंद पडलेल्या दवाखान्यात किरणोपचाराचे यंत्र तसेच सोडून दिले होते. १९८७ मध्ये ते भंगार म्हणून उचलले गेले, फोडले गेले आणि चार माणसे प्राणाला मुकली. आपल्या देशातही २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भागात असेच घडले. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे न वापरलेले एक यंत्र लिलावात विकले गेले. त्यात किरणोत्सारी कोबाल्ट होते. भंगाराच्या दुकानात काम करणारा एक कामगार मरण पावला आणि कित्येक जण आजारी पडले. त्यांचा काही दोष नव्हता. त्या यंत्रात काय आहे, हे जाणणारे कोणी वेळेवर पुढे आले नाही.

मित्रांनो, आपल्या भागातही भंगाराची दुकाने पुष्कळ आहेत. पिवळ्या पाटीवर मधल्या ठिपक्याभोवती पंख्यासारखी तीन काळी पाती, असे चिन्ह एखाद्या जड डब्यावर दिसले, तर त्याला हात लावू नका आणि तो कोणाला फोडू देऊ नका. दूर जा, इतरांनाही दूर न्या आणि मोठ्या माणसांमार्फत पोलिसांना कळवा. हे चिन्ह ओळखणारे एक मूलही कित्येकांचे प्राण वाचवू शकते.

कॅन्सरच्या रोग्यांवर उपचार करणारे एक भारतीय यंत्र आज भाभाट्रॉन या नावाने ओळखले जाते. भाभांचे खरे स्मारक मात्र त्यांच्या नावाच्या पाट्यांत नाही. रात्रपाळीला काटा तपासणारा तंत्रज्ञ, दारावर ओळखपत्र पाहणारा जवान, वहीतील आकडा दुसऱ्यांदा जुळवणारा कारकून आणि नव्या मुलांना शिकवणारा शिक्षक यांच्या रोजच्या कामात ते आहे. ही माणसे निवृत्त होतील, तेव्हा त्यांच्या जागी दुसरी जाणती माणसे लागतील. आज वर्गात विज्ञानाचे पुस्तक उघडून बसलेल्या तुमच्यापैकीही कोणी त्यांत असेल.

शब्दार्थ

अनर्थ – मोठे संकट
विश्वस्त निधी – चांगल्या कामासाठी राखून ठेवलेला पैसा
अणुभट्टी – अणूपासून उष्णता निर्माण करणारे यंत्र
मोहोरबंद – शिक्का लावून बंद केलेले
किरणोत्सारी – ज्यातून अदृश्य किरणे बाहेर पडतात असा
धुरा उचलणे – जबाबदारी घेणे
प्राणाला मुकणे – मरण पावणे

स्वाध्याय

१. वडिलांनी होमींना कोणती अट घातली? तिचा पुढे काय फायदा झाला?
२. यंत्रे आपल्याच देशात बनवावीत, असे भाभांना का वाटले?
३. बिघडलेले यंत्र अधिक घातक का ठरू शकते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. हिशेब, पहारा आणि खबरदारी हे शब्द वापरून प्रत्येकी एक वाक्य तयार करा.
५. तुमच्या घराजवळ एखादे यंत्र दुरुस्त करणाऱ्या कारागिराला भेटा. तो हे काम कोणाकडून शिकला आणि आता कोणाला शिकवतो, याविषयी आठ-दहा ओळी लिहा.